सुनावणीचा हेडसेट

संगणकाच्या पडद्यावर 'जोडले आहे' असं दिसलं म्हणजे जोडलेलं असतं, असं मी धामणगाव बढ्यातल्या माझ्या टायपिंग क्लासमध्ये वीस वर्षं पोरींना शिकवत आले. ते खोटं आहे. ज्यानं कुणी ते दोन शब्द त्या यंत्रात घातले, त्याला एकदा माझ्यासमोर आणून बसवा. मला त्याच्याशी बोलायचं आहे, आणि मी हळू बोलणार नाही.

गोष्ट माझ्या थोरल्या बहिणीची आहे. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. माझी बाई इथून सहा-सात किलोमीटरवरच्या खेड्यात दिलेली. शेत दाजींच्या नावावर, पण पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळं बाईच्या अंगावर. दाजींना पारावरची पत्त्यांची बैठक सोडवत नाही. बाई सातवी शिकली, आणि घरात आलेला छापील कागद वाचल्याशिवाय फेकायचा नाही ही तिची लहानपणापासूनची खोड. मिठाच्या पुडीचा कागदसुद्धा ती वाचून मग चुलीत घालते.

बीटी कपाशी आमच्या भागात आली तेव्हा सांगणारे छाती ठोकून सांगत होते की आता बोंडअळी विसरा. पहिली काही वर्षं लोक खरंच विसरले. मग गुलाबी अळी आली. बाहेरून बोंड हिरवंगार, टपोरं, पाहून कुणालाही वाटावं की यंदा चांदी आहे. फोडलं की आत अळी बसलेली आणि सरकी पोखरलेली. त्या वर्षी बाईच्या गावातल्या बऱ्याच जणांची कपाशी अशी आतून गेली, आणि गावानं मिळून बियाण्याविरुद्ध तक्रार केली. बाईनंही केली. पाहणीला माणसं आली, त्यांनी रस्त्याकडच्या दहा-बारा झाडांची बोंडं फोडली, लिहून घेतलं आणि जीपमध्ये बसून गेली.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तेव्हा बीटीच्या पिशवीबरोबर एक लहान पाकीट वेगळं यायचं, साध्या कपाशीच्या बियाण्याचं. ते शेताच्या कडेनं चारी बाजूंनी लावायचं असतं. अळीनं त्या साध्या झाडांवर जगावं, म्हणजे ती बीटीला सरावत नाही, असा त्यामागचा हिशेब. आमच्या भागात ते पाकीट कुणी लावत नसे. कुणी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फेकायचं, कुणी जिथे बी उगवलं नाही तिथल्या नांग्या, म्हणजे रिकाम्या जागा, त्यानं भरायचं. दुकानदारही पिशवी देताना म्हणायचा, हे लहान पाकीट सोडून द्या. बाईनं मात्र पाकिटातला कागद वाचला आणि चारी कडांना पाच-पाच ओळी लावल्या. अख्खं गाव हसलं. ही बया अळीला पंगत घालते, असं दाजी स्वतः पारावर बसून सांगायचे.

तक्रार झाल्यावर बियाण्यावाल्यांचं म्हणणं एकच होतं: शेतकऱ्यांनी ते लहान पाकीट लावलंच नाही, म्हणून अळी आली, आमचा दोष नाही. बाकी सगळ्यांच्या बाबतीत ते खरं होतं, त्यामुळे बाकी सगळे गप्प. त्या अख्ख्या यादीत 'मी लावलं होतं' असं म्हणू शकणारी एकटी माझी बाई होती. पाहणीवाल्यांना तिनं धुऱ्याकडे चला म्हणून विनवलं होतं. ऊन फार आहे, ते सुनावणीत सांगा, असं म्हणून ते निघून गेले. म्हणजे आता जे काय व्हायचं ते सुनावणीतल्या तिच्या त्या एका वाक्यावर होतं. नुकसानभरपाई तिला हवीच होती, कुणाला नको असते? पण त्याहून जास्त तिला हे हवं होतं की कुणीतरी कागदावर लिहावं, या बाईनं सांगितलं तसं केलं होतं.

तेवढ्यात साथ आली, सगळं बंद झालं, आणि कागद आला की सुनावणी संगणकावरून होईल. ज्याच्याकडे संगणक नाही त्यानं काय करायचं, ते त्या कागदावर नव्हतं. बाईला मात्र काळजी नव्हती. तिची धाकटी बहीण संगणकवाली होती ना.

आणि धाकटी बहीण म्हणजे मी. क्लास बंद पडला होता, पोरींना घरबसल्या शिकवावं म्हणून मी नुकताच बिनतारी हेडसेट घेतला होता. वायरवाला चालला असता. पण मला बिनतारी हवा होता, कारण तालुक्यात कुणाकडे नव्हता. नखाएवढं एक यंत्र संगणकाच्या पाठीत खुपसायचं, हेडसेटचं बटण दाबून धरायचं, की कानात एक बाई इंग्रजीत सांगते, जोडलं गेलं. मला त्याचं केवढं कौतुक! अति शहाण्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा तर गोठाच रिकामा म्हणायला हवा.

आदल्या दिवशी संध्याकाळी बाईला बोलावून घेतलं. तिचा डावा कान लहानपणी फुटलेला, त्यानं कमी ऐकू येतं. हेडसेट घातला, मी एका शासकीय अधिकाऱ्याचं जुनं भाषण शोधून संगणकावर लावलं. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. बाईचा चेहरा पडला. म्हणाली, "साहेब असंच बोलले तं मले काहीच समजनार नाही वं."

झालं. मी कंबर कसली. आवाजाच्या यादीत पाहिलं तर एकाच हेडसेटची दोन नावं. एका नावापुढे स्टिरिओ, दुसऱ्यापुढे हँड्सफ्री. स्टिरिओ निवडलं की आवाज घंटेसारखा स्वच्छ यायचा, पण घटकेत संगणक आपला आपण हँड्सफ्रीवर जायचा आणि पुन्हा तो डबा. दोन-तीनदा तसं झाल्यावर माझं डोकं फिरलं. मी ते हँड्सफ्री बंदच करून टाकलं. डिसेबल. पुन्हा लावलं भाषण. बाई ऐकत राहिली आणि हसली. "आता कसं निरानिरं ऐकू येऊन राह्यलं," म्हणाली. मला वाटलं, शाबास गं मी.

आम्ही दोघींनी त्या संध्याकाळी दीड तास तयारी केली, आणि ती सगळी ऐकण्याची केली. साहेब भरभर बोलले तर काय, शहरी बोलले तर काय, इंग्रजी शब्द घातले तर काय. बाईचं साहेबांना ऐकू जातं की नाही, हे आम्हा दोघींपैकी एकीनंही तपासलं नाही. जन्मभर साहेबासमोर उभं राहताना भीती असते ती त्यांचं आपल्याला कळलं नाही तर काय होईल याची. आपलंही कुणी ऐकून घेणार आहे, त्याचीही सोय करावी लागते, हे आमच्या ध्यानातच आलं नाही. मी तिला शिकवलं काय, तर 'लावलं व्हतं' नको म्हणू, 'लावलं होतं' म्हण. मला आज ते आठवलं की माझ्याच मुस्काटात मारावीशी वाटते.

सकाळी अकराला बाई नवं लुगडं नेसून आली. पडद्यावरच्या खिडकीत लहान लहान चौकटी, त्यात माणसं. साहेब एका चौकटीत, बियाण्यावाल्यांचा वकील एका चौकटीत, बाकी तक्रारवाले आपापल्या मोबाईलवरून. त्यात बाईच्याच गावचा एक जण होता, दाजींचा पत्त्यांतला गडी. आवाज हेडसेटमधून फक्त बाईला येत होता, मला नुसती तोंडं हलताना दिसत होती. तो पत्त्यांतला गडी बोलला, मग गप्प झाला, मग त्यानं मान खाली घातली. मला कळलं की त्याला पाकिटाचं विचारलं.

मग बाईचा नंबर आला. तिनं पदर सारखा केला आणि बोलायला लागली. काय बोलली! कोणत्या नक्षत्रावर पेरलं, किती ओळी, कोणत्या कडेला झाडं आधी उगवली, पाहणीवाल्यांना धुऱ्याकडे चला म्हटलं तेव्हा ते काय म्हणाले. शिकवलेलं सगळं ती पहिल्या वाक्यातच विसरली आणि आपल्या बोलीत बोलली, आणि त्यामुळेच चांगली बोलली. चार मिनिटं तरी झाली असतील. मी शेजारी बसून ऐकत होते आणि माझ्या अंगावर काटा येत होता. साहेब खाली कागदात काहीतरी पाहत होते. वकील चहा पीत होता.

चार मिनिटांनी साहेबांनी मान वर केली. बाई माझ्याकडे वळली आणि म्हणाली, आवाज येत नाही म्हनतात.

चार मिनिटं! समोर एक बाई हात हलवून, मान हलवून बोलते आहे आणि आवाज येत नाही हे कळायला तुम्हाला चार मिनिटं लागतात? त्या साहेबांचा मला जो राग आला तो अजून तसाच आहे. पण तेव्हा रागवायला वेळ नव्हता. पडद्यावर माइकचं चित्र होतं, त्यावर लाल रेघ नव्हती. म्हणजे माइक चालू. मी तो बंद करून पुन्हा चालू केला. बाई म्हणाली, नाही येत म्हनतात. नखाएवढं यंत्र काढून पुन्हा खुपसलं. तेवढ्यात हेडसेट माझ्या पर्समधल्या मोबाईलला, ज्याला मी तो आधी कधीतरी जोडला होता, जाऊन जोडला गेला आणि कानातली ती इंग्रजी बाई म्हणाली, जोडलं गेलं. माझ्या बाईला आता साहेबही ऐकू येईनात. मी मोबाईलचं ब्लूटूथ बंद केलं, हेडसेट बंद करून चालू केला, पुन्हा संगणकाला जोडला. पुन्हा 'जोडले आहे'. साहेब ऐकू यायला लागले, बाई ऐकू जाईना. बाई उठून उभी राहिली आणि ओरडून बोलली. ओरडून काय होणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो. शेवटी तिनं पिशवीतून ते रिकामं लहान पाकीट काढलं आणि कॅमेऱ्यापुढे धरलं. साहेबांनी हातानं खूण केली, खाली घ्या. दाखवू नका, बोला, असं म्हणाले म्हणे.

मोबाईलवरून बोलावं हे मला सगळ्यात शेवटी सुचलं. वीस वर्षांची संगणकवाली ना मी! सुनावणीच्या खिडकीचा तो भला लांब पत्ता मोबाईलवर टाकेपर्यंत पुढच्याचं तोंड हलायला लागलं होतं. बाईनं हेडसेट काढून टेबलावर ठेवला. पुढचा नंबर घेतला, एवढंच म्हणाली.

ती बसनं गेली. बसेस तेव्हा नुकत्याच थोड्या सुरू झाल्या होत्या. दुपारी मी संगणकापुढे बसले आणि पाच मिनिटांत मला सापडलं. माइक होता त्या हँड्सफ्रीत. स्टिरिओच्या नावाला फक्त कान होते, तोंड नव्हतंच. आवाज स्वच्छ हवा म्हणून मी हँड्सफ्री बंद केलं तेव्हा बाईचं तोंडही माझ्या हातानं बंद केलं. मग संगणकानं काय करावं? त्याच्या पाठीला माइकची वायर लावायचं एक भोक होतं, त्यात कधीच कुणी काही लावलेलं नव्हतं. त्यानं ते भोक निवडलं आणि पडद्यावर माइक चालू असल्याचं चित्र काढून दाखवलं. ऐकायचं असेल तर नीट ऐक, नाहीतर बोलायचं असेल तर डब्यातलं ऐक, असा त्या महागड्या यंत्राचा कारभार. हे खोक्यावर कुठे लिहिलं नव्हतं. बाईनं तेही वाचलं असतं.

आता इथे मी सरळ बाईच्या घरी जाऊन सांगायला हवं होतं. मी गेले नाही. मी साहेबांवर रागावले, वकिलाच्या चहावर रागावले, ज्यांनी खेड्यातल्या माणसाला असल्या खिडकीत बसवलं त्यांच्यावर रागावले. रोज कुणावर तरी रागावत होते, आणि सगळा राग खराच होता. नाचता येईना तर अंगण वाकडं, पण इथे अंगणही खरंच वाकडं होतं, त्यामुळे माझं चांगलं फावलं.

तिकडे गावात तो पत्त्यांतला गडी सांगत सुटला की त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, साहेबासमोर हिची बोबडी वळली, नुसते ओठ हलत होते. स्वतःला पाकिटाचं उत्तर देता आलं नव्हतं, ते त्यात झाकून गेलं. बाई म्हणत होती, मी बोलली, यंत्रानं घात केला. चार-पाच दिवसांनी दाजींनी मला फोन केला. त्यांच्या मागे पारावरची माणसं बोलत होती, म्हणजे सगळ्यांसमोर फोन होता. विचारलं, तुझं यंत्र बिघडलं होतं का? पुढच्या महिन्यापासून क्लासचे प्रवेश सुरू होणार होते. त्या गावच्या सहा पोरी यायच्या होत्या. मी म्हणाले, माझं यंत्र ठीक होतं, तिकडूनच काही असेल.

ते 'तिकडूनच काही असेल' कुणी ऐकलं नाही. यंत्र ठीक होतं, एवढंच गावानं घेतलं.

पंधरा-वीस दिवसांनी बाजाराच्या दिवशी बाई टपालानं आलेला निकालाचा कागद घेऊन क्लासमध्ये आली. तिनं तो आधीच वाचला होता, तरी मला वाच म्हणाली. अर्जदारास संधी देऊनही त्यांनी आपले म्हणणे मांडले नाही. साधे बियाणे लावल्याबाबत काही सांगितले नाही. तक्रार निकाली काढण्यात येत आहे. मी कागद टेबलावर आपटला आणि पुन्हा सुरू झाले, साहेबांपासून. बाईनं मला पुरतं बोलू दिलं. मग शांतपणे विचारलं, "त्या दिशी नेमकं झालं काय व्हतं? तुले तं समजते."

मी सांगितलं. दोन नावं, कान आणि तोंड, डिसेबल, सगळं. ती लक्ष देऊन ऐकत होती, उजवा कान माझ्याकडे करून. कधी कळलं, असं तिनं विचारलं. त्याच दिवशी दुपारी, मी म्हणाले.

मला वाटलं ती यंत्राबद्दल काही बोलेल. आवाज चांगला यावा म्हणूनच केलंस ना, असं काहीतरी म्हणेल. मी त्याचीच वाट पाहत होते.

"साहेबाले ऐकू नाही गेलं ते यंत्रानं," बाई म्हणाली. "तू तं माह्या बाजूले बसली व्हती. तुह्या कानात काहीच नव्हतं. मी बोलली का नाही बोलली?"

"बोललीस."

"मंग तू काऊन नाही सांगितलं?"

तिनं कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि भाजी घ्यायची राहिली म्हणून उठली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या गावी गेले. दाजी पारावरच होते, तो पत्त्यांतला गडीही होता. मी उभ्यानं सांगितलं की चूक माझी होती, माझ्या हातानं माइक बंद झाला, आणि बाई चार मिनिटं बोलली ती मी शेजारी बसून ऐकली. काय काय बोलली तेही सांगितलं, ओळींसकट, नक्षत्रासकट. त्या सगळ्यांनी माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग दाजींनी हातातली पानं सारखी केली आणि म्हणाले, "बस आता. बहिनीचं झाकाले आली तू, समजते आमाले."